जरा पाणी मिळेल का?

इंग्रजी भाषेशी आमचा परिचय तसा जुना आहे. पण तिच्याबरोबर एका पंगतीला बसण्याचा योग मात्र फार उशिरा आला. शाळेत आम्ही तिच्याशी बोलत असू ते उभ्याने, हात बांधून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरात वडिलांच्या काळापासून होती, आणि तिच्यातील वाक्ये इकडची तिकडे व तिकडची इकडे करण्यात आमचे बालपण बरेचसे खर्ची पडले. पुढे अर्ज लिहावयास शिकलो. 'मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट' हे वाक्य झोपेतून उठवून विचारले असते तरी आम्ही न अडखळता म्हटले असते. राजे, लढाया, नद्या, ऋतू, आजारपणाची रजा या सर्व विषयांवर चार चार वाक्ये लिहिता येऊ लागली. पण भूक लागली असता इंग्रजीत काय म्हणावे, हे कोणी शिकविले नाही.

त्यामुळे पहिला प्रसंग आला तेव्हा आमची फजितीच झाली. प्रसंग जबलपूरचा. त्या वेळी बालाघाटहून नैनपूरमार्गे जबलपूरला अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी होती. 2015 साली ती बंद झाली आणि तिच्या जागी मोठी गाडी आली. त्या छोट्या गाडीतून कोळशाच्या कणांनी काळवंडून आम्ही वडिलांबरोबर जबलपूरला उतरलो, आणि त्यांनी आम्हांला इंडियन कॉफी हाउसमध्ये नेले. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली तेव्हा कामावरून सुटलेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली; बंगळूरची संस्था 1957 ची आणि जबलपूरची 1958 ची. हा इतिहास आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळला. त्या दिवशी दिसला तो एवढाच चमत्कार, की पांढराशुभ्र पोशाख, डोक्यावर पंख्यासारखा कडक तुरा असलेला फेटा, कमरेला पट्टा अशा थाटाचा, राजवाड्यातील चोपदारच वाटावा असा एक मनुष्य आमच्याजवळ येऊन अदबीने उभा राहिला. वडिलांनी घसा साफ केला आणि ते म्हणाले, "काइंडली ब्रिंग टू प्लेट्स इडली अँड ऑब्लाइज."

अर्जाच्या शेवटी सहीच्या वर येणारे ते 'ऑब्लाइज' इडलीच्या मागे येऊन बसलेले ऐकून आम्हां पोरांना काहीच वाटले नाही. उलट वडिलांविषयीचा अभिमान दुणावला. त्या भल्या गृहस्थाने गंभीर चेहऱ्याने मान लवविली आणि हिंदीत विचारले, "सांभर अलग से?"

हे सर्व आठवण्याचे कारण तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात घडले. बैहरच्या मंडळींना हे सांगावयास नको, पण हा अंक बाहेरगावच्या कुटुंबांतही जातो म्हणून सांगतो, की आमच्या तालुक्याच्या अंगालाच कान्ह्याचे अरण्य आहे. 1933 साली त्याचे अभयारण्य झाले, 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 1973 साली व्याघ्रप्रकल्पात ते पहिल्या काही जंगलांबरोबर आले. त्याचा मुक्कीचा दरवाजा बंजर नदीजवळ, आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या बाजूला उघडतो. वाघ पाहण्याकरिता देशोदेशीचे प्रवासी येतात, त्यांच्यासाठी तेथे निवासस्थाने उभी राहिली आहेत, आणि आपल्या गावची कितीतरी मुले तेथे कामाला असतात. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसामुळे अरण्य प्रवाशांना बंद असते. मग ती मुले घरी येतात, भाताच्या बांधीत उतरतात, आणि ऑक्टोबरची वाट पाहतात.

अशाच एका जुलै महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, पण आत येईना. बस म्हटले तरी बसेना. शेवटी म्हणाला, "सर, मला जेवणघरातून काढलं. आता मोरीवर आहे. भांडी घासतो."

"काय केलंस?"

"काहीच नाही जी. इंग्रजी बोललो."

हळूहळू हकिगत बाहेर पडली. मुलगा हुशार, नीटनेटका, आल्यागेल्याचे मन ओळखणारा. त्याला जेवणघरात उभे केले होते. पहिल्याच आठवड्यात परदेशातील एक वृद्ध जोडपे टेबलाशी येऊन बसले. हा हसतमुखाने पुढे झाला आणि म्हणाला, "व्हॉट डू यू वॉन्ट?" बाई जरा चपापल्या. त्या काही बोलत नाहीत असे पाहून याने धीर देण्याकरिता म्हटले, "टेल, टेल." त्यांनी मासे मागितले. मासे त्या दिवशी नव्हते. हा म्हणाला, "नो फिश." नंतर आत जाऊन विचारून यावे म्हणून बोट वर करून म्हणाला, "वेट." दुसऱ्या दिवशी त्या दांपत्याने तक्रार केली, की तुमचा मुलगा आमच्यावर का रागावला आहे ते कळले नाही. व्यवस्थापकाने त्याला मोरीवर पाठविले, आणि ऑक्टोबरात इंग्रजी सुधारून आलास तर पुन्हा पाहू, असे सांगितले. जेवणघरात पाहुण्यांकडून बक्षिशी मिळते. मोरीवर मिळत नाही. धाकट्या बहिणीला बालाघाटला शिकावयास ठेवण्याचा त्याचा बेत त्या बक्षिशीवर उभा होता.

"सर, मी त काही वाकडं बोललोच नाही," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते, पण आश्चर्य होते. आणि ते पाहवत नव्हते.

रात्री आम्ही त्याची चारही वाक्ये कागदावर मांडली आणि शेजारी मराठी लिहिले. 'काय हवंय आपल्याला?' 'सांगा, सांगा.' 'मासे नाहीत जी.' 'थांबा हं.' यांत उद्धटपणाचा लवलेश तरी आहे काय? आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला आपण याहून निराळे काय म्हणतो? मुलाने शब्द बरोबर नेले होते. अदब तेवढी वाटेत सांडली होती.

याचा विचार करू लागलो तेव्हा आमच्या लक्षात आले, की मराठीची अदब शब्दांत फारशी राहतच नाही. ती क्रियापदाच्या शेपटीत राहते. 'सांग' आणि 'सांगा', 'ये' आणि 'या', 'दे' आणि 'द्या' यांच्यामध्ये एका काना-मात्रेचे अंतर आहे, आणि त्या एवढ्याशा जागेत आपला सगळा मानमरातब बसलेला असतो. आमच्या झाडीपट्टीच्या बाजूला त्यावर आणखी एक 'जी' लागतो: 'बसा जी', 'हो जी', 'पाणी घ्या जी'. पुण्याकडचे पाहुणे या 'जी'ला हसतात; हसोत बापडे. इंग्रजीत गेल्यावर ती शेपटी गळून पडते. 'सांग' म्हणा, 'सांगा' म्हणा, 'सांगावे' म्हणा, तिकडे सर्वांचे मिळून एकच 'टेल'. आणि शेपटी नसलेले ते क्रियापद इंग्रजी कानाला चाबकासारखे लागते.

कोणी म्हणेल, इंग्रजाला मोठ्या माणसाला मान देण्याची रीतच नाही. त्याला आपले सगळेच 'यू'. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. वस्तुतः इंग्रजीत पूर्वी दोन्ही होते. 'दाऊ' म्हणजे तू, आणि 'यू' म्हणजे तुम्ही, आपण. सतराव्या शतकाच्या सुमारास शहरी व्यवहारातून 'दाऊ' मावळू लागला. क्वेकर पंथाच्या लोकांनी, सर्व माणसे सारखी म्हणून, न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी पुष्कळ छळ सोसला. बाकीच्या इंग्रजांनी उलटा मार्ग धरला. त्यांनी सर्वांनाच अहो केले. राजाला अहो, धोब्याला अहो, मुलाला अहो आणि दारच्या कुत्र्यालाही अहो! मग जो मान सर्वांनाच मिळाला तो कोणालाच मिळाल्यासारखा वाटेना, आणि अदबीला वाक्यात दुसरीकडे बिऱ्हाड शोधावे लागले. ते तिला दोन ठिकाणी मिळाले: एक प्रश्नात आणि दुसरे भूतकाळात. 'दे' म्हणावयाचे नाही; 'मिळू शकले असते का?' असे विचारावयाचे. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' यात आज्ञा नाही. समोरच्याला नाही म्हणावयास दार उघडे ठेवलेले आहे. तो नाही म्हणणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते; पण दार उघडे ठेवणे हीच अदब.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा आम्ही त्याला हे सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि तो म्हणाला, "म्हणजे सर, आजी दुकानात जाऊन म्हणते, 'अर्धा किलो साखर हवी होती,' तसंच ना? हवी होती म्हणते, पण आताच हवी असते."

आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. चाळीस वर्षे 'कुड' आणि 'वुड' फळ्यावर लिहिले. साखरेची ती आजी आम्हांला कधी सुचली नव्हती. खरेच, 'आपल्याला एक विचारायचं होतं,' 'जरा पाणी मिळेल का?' ही मराठी वाक्ये आणि ती इंग्रजी वाक्ये यांची जात एकच आहे. घरातून बाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणावे, हे ज्याला लहानपणी आईने शिकविले आहे त्याला आडवळणाने बोलणे परके कसे वाटावे? चूक झाली ती भाषांतरासाठी वाक्य निवडण्यात. 'पाणी द्या' हे वाक्य उचलून तिकडे नेऊ नये; 'जरा पाणी मिळेल का?' हे न्यावे. मात्र हेही शब्दाला शब्द लावून नेता येत नाही. 'विल आय गेट वॉटर?' असे म्हटले, तर या उपाहारगृहात पाणी तरी आहे की नाही अशी शंका घेतल्यासारखे होते! 'जरा' हा शब्द तर आमच्या मते मराठीतला खरा 'प्लीज' होय. 'कृपया' हा नव्हे. 'कृपया' फक्त पाट्यांवर राहतो, आणि तेथेही त्याच्या पुढे बहुधा 'थुंकू नये' असते.

पावसाळाभर आमची शाळा भरली. वही घातली, आणि एका बाजूला मुलाने बोलावयाची व दुसऱ्या बाजूला पाहुण्याने बोलावयाची वाक्ये लिहिली. 'व्हॉट डू यू वॉन्ट?' कायमचे खोडले आणि 'व्हॉट वुड यू लाइक?' लिहिले. 'टेल'च्या जागी 'आर यू रेडी टु ऑर्डर?' 'वेट'च्या जागी 'जस्ट अ मोमेंट, प्लीज.' पाहुण्याच्या बाजूलाही 'आय वॉन्ट सूप' नको. 'आय विल हॅव द सूप, प्लीज' किंवा 'आय वुड लाइक द सूप' असावे. गंमत अशी, की 'आय विल हॅव' यात प्रश्नही नाही आणि भूतकाळही नाही, तरी ते सभ्य ठरते, आणि 'आय वॉन्ट' हट्टी पोराचे ठरते. का, असे मुलाने विचारले. आम्ही पुष्कळ डोके खाजविले आणि सांगितले, की पंगतीत 'मला जिलबी हवी' म्हणणे आणि 'मी जिलबी घेईन' म्हणणे यांत जो फरक आहे तो. त्याला पटले. आम्हांला अजून पूर्ण पटलेले नाही.

शेवटी पैसे देण्याची वेळ येते. तेव्हा इंग्लंडातला मनुष्य 'बिल' मागतो आणि अमेरिकेतला 'चेक' मागतो. चेक मागितला म्हणून याने बँकेचा धनादेश शोधत बसू नये. 'कुड वुई हॅव द बिल, प्लीज?' एवढे ओळखता आले की झाले.

सर्वांत जास्त वेळ 'अफ्रेड' या शब्दाला लागला. 'नो फिश'च्या जागी आम्ही लिहिले होते, 'आय ॲम अफ्रेड वुई डोन्ट हॅव फिश टुडे.' मुलाने वाचले आणि विचारले, "भीती कशाची, सर? मासे नाहीत त्याची?" म्हटले, होय, तशीच. पाहुण्याची निराशा होईल याची भीती. पाहुण्याचेही तेच. सूप थंडगार आले, तर तो ओरडणार नाही. म्हणेल, 'आय ॲम अफ्रेड धिस इज अ लिटल कोल्ड.' ते 'अ लिटल' खरे मानावयाचे नाही. ते सूप बर्फासारखे असते. मुलगा हसत सुटला. म्हणाला, "आमच्याकडे रात्री सरईच्या झाडीतून सायकलवर यावं लागते, तेव्हा कोणी अफ्रेड म्हणत नाही. आणि ही मोठी माणसं सूपला भितात!" पण ते वाक्य त्याला इतके आवडले, की पुढे आठवडाभर तो आमच्याकडे आल्याबरोबर म्हणे, "आय ॲम अफ्रेड आय ॲम अ लिटल लेट."

आग्रहाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे जुळणे कठीण आहे. आपल्याकडे पहिला 'नको' हा नकार नसतो. दुसराही नसतो. तिसऱ्या वेळी पानावर आडवा हात धरला म्हणजे यजमान थोडा विचार करतो. आमचे एक मामाजी एकदा नागपुरात एका साहेबी वळणाच्या घरी जेवावयास गेले होते. दुसऱ्यांदा भात विचारला तेव्हा रीतीप्रमाणे म्हणाले, 'नो, थँक यू.' भांडे पुढे गेले ते गेलेच. मामाजी पोटात कावळे घेऊन घरी आले आणि म्हणाले, "माणसं फार चांगली. पण एकदाच विचारतात." इंग्रजीचा नकार पहिल्याच वेळी खरा असतो आणि त्याला मान द्यावयाचा असतो, पुन्हा पुन्हा वाढणे तिकडे दांडगाईत मोडते. उलट पाहुणा उठताना त्याला मात्र दोन शब्द अधिक बोलावे लागतात: 'दॅट वॉज लव्हली, थँक यू.' आपल्याकडे जेवून उठताना आभार मानले तर यजमान गोंधळतो. आभार सभेच्या शेवटी मानावयाचे असतात. आपण फार तर 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो, आणि यजमान म्हणतो, 'सावकाश होऊ द्या.' हे शेवटचे वाक्य इंग्रजीत कसे न्यावे, हे आम्हांला पावसाळा संपेपर्यंत साधले नाही. जेवण मांडताना 'एन्जॉय युअर मील' म्हणावे असे ठरविले. पण त्यात पाटाशी हात जोडून उभा असलेला यजमान नाही.

याच दिवसांत आम्हांला एका पुस्तकाची आठवण झाली. आजच्या मध्यप्रदेशातील देवास येथे, थोरल्या पातीच्या पवार महाराजांकडे, 1921 साली ई. एम. फॉर्स्टर नावाचे इंग्रज लेखक काही महिने खाजगी चिटणीस होते. मराठी राजघराण्यातील त्या दिवसांची पत्रे त्यांनी पुढे 1953 साली प्रसिद्ध केली. त्यांची 'अ पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी 1924 सालची. तिच्यात एक मडमबाई आहेत. त्यांना उर्दू येते, पण ती नोकरांशी बोलण्यापुरती शिकलेली. म्हणून अदबीची रूपे त्यांना ठाऊक नाहीत आणि क्रियापदांपैकी फक्त आज्ञार्थ येतो. घरंदाज हिंदी स्त्रियांशी बोलण्याची वेळ येते तेव्हाही त्यांच्या तोंडी तीच भाषा. मडमबाईंसाठी लिहिलेली घरकामाची पुस्तकेच त्या काळी होती. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे 1888 सालचे पुस्तक त्यांतले नामांकित. हिंदुस्थानी भाषा शिका, कारण नोकरांना समजेल असा हुकूम देता आला पाहिजे, हा त्यातला उपदेश. आम्ही हे मुलाला सांगितले आणि म्हटले, पाहा, त्यांनी आपली भाषा हुकमापुरती शिकली आणि आपण त्यांची अर्जापुरती. मधली, शेजारी बसून जेवण्याची भाषा दोघांचीही राहून गेली.

हे वाक्य आम्हांला स्वतःलाच फार आवडले होते. मुलगा मात्र गप्प होता.

त्या दिवशी धडा 'एक्सक्यूज मी' या शब्दांचा होता. पाहुण्याला वाढप्याला बोलवावयाचे झाले, तर तो टाळी वाजवीत नाही, चुटकी वाजवीत नाही, 'वेटर' अशी आरोळीही सहसा ठोकीत नाही. त्याची नजर वळण्याची वाट पाहतो आणि हळूच म्हणतो, 'एक्सक्यूज मी.' मुलाने लिहून घेतले. मग पेन्सिल खाली ठेवून विचारले, "सर, याला मराठीत काय म्हणायचं?"

आम्ही म्हटले, "'अहो, जरा इकडे येता का?' असं म्हणायचं."

"हॉटेलात?"

"हॉटेलात."

तो हसला. म्हणाला, "हॉटेलात कोणी 'अहो' म्हणत नाही, सर. माझे बाबा बसस्टँडजवळच्या हॉटेलात आहेत ना. त्यांना सगळे 'ए'च म्हणतात. मालकाचा लहान मुलगाही 'ए' म्हणतो."

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. शब्दाचा अर्थ पक्का व्हावा म्हणून सांगितले, आणि पुढचे वाक्य लिहावयास पेन्सिल उचलली.

मुलाला आम्ही दोन वर्षे शिकविले होते. पालकांच्या सभेला त्याची आई येत असे. वडील काय करतात, हे आम्ही कधी विचारले नव्हते. आणि ते हॉटेल तर आमच्या रोजच्या वाटेवरचे. खांद्यावर फडके टाकलेला, केस पिकलेला, बोटांच्या बेचक्यांत चार चार पेले एका वेळी उचलणारा तो गृहस्थ आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहो. वयाने आमच्याहून दोन-तीन वर्षांनी वडीलच असेल. 'ए, दोन कट आण.' 'ए, इकडे फडका मार.' हे आमचेच शब्द. नागपूरला गेलो, की पाटीवर इंग्रजी नाव असलेल्या ठिकाणी आम्ही विशीतल्या पोरालाही 'प्लीज' म्हणतो, 'थँक यू' म्हणतो, आणि बाहेर पडताना स्वतःवर खूष असतो.

ऑक्टोबरात अरण्य उघडले. मुलगा वही घेऊन गेला. दिवाळीला आला तो पेढे घेऊनच. पंधरा दिवस मोरीवर ठेवून त्याला पुन्हा जेवणघरात घेतले होते. बहीण बालाघाटच्या शाळेत जाऊ लागली. एका पाहुणीने त्याला, एवढे गोड इंग्रजी कोठे शिकलास, असे विचारले, तेव्हा याने 'आय ॲम अफ्रेड इन बैहर' असे उत्तर दिले म्हणे. ते चूक होते; पण पाहुणी इतकी हसली, की चूक आहे हे सांगण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

पण त्या मधल्या दिवसांतली एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या धड्यानंतर आठ-दहा दिवस आम्ही बसस्थानकाचा रस्ताच टाळला. मग एका सकाळी, बालाघाटची बस सुटून गेल्यावर, हॉटेलात गर्दी नाही असे पाहून आत गेलो आणि नेहमीच्या बाकावर बसलो. ते पलीकडच्या टेबलावरचे पेले गोळा करीत होते. पाठ आमच्याकडे होती. आम्ही तोंड उघडले, पण 'अहो' काही बाहेर पडेना. चाळीस वर्षे मुलांना उच्चार शिकविणाऱ्याला दोन अक्षरे जड झाली. त्यांचे नाव घ्यावे, तर ते आम्हांला ठाऊक नव्हते. शेवटी म्हणालो, "भाऊ, जरा पाणी मिळेल का जी?"

त्यांनी वळून आमच्याकडे पाहिले. मग आमच्या मागे दाराकडे पाहिले, कोण नवे गिऱ्हाईक आले आहे म्हणून. दारात कोणीच नव्हते. तेव्हा हातातले पेले तसेच खाली ठेवून त्यांनी माठातून पाणी भरले, पेला बाहेरून फडक्याने पुसला, आणि आणून आमच्यापुढे ठेवला.

"घ्या जी," ते म्हणाले.